हातमोज्यावरचा खटला

लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयात २०११ साली एक खटला दाखल होता. त्याचं नाव मराठीत आणायचं तर ते असं होईल : ‘अमेरिका सरकार विरुद्ध स्फटिकांनी मढवलेला एक पांढरा हातमोजा’. पुढे ‘आणि मायकेल जॅक्सनच्या इतर वस्तू’ असं शेपूटही होतं. हातमोजा जॅक्सनच्या ‘बॅड’ दौऱ्यातला. त्याची खरेदी किंमत २ लाख ७५ हजार डॉलर.

आरोपीच्या पिंजऱ्यात हातमोजा उभा करण्याची ही रीत जुनी आहे. समुद्रावरच्या जहाजांसाठी ती निघाली. मालक परदेशात बसलेला, हाती न लागणारा असला की दावा थेट वस्तूवर लावायचा. वस्तू चोरीच्या पैशाची आहे हे सरकारने दाखवायचं आणि ज्याला ती आपली म्हणायची असेल त्याने न्यायालयात येऊन ते खोडून काढायचं. इथे खोडून काढायला आला होता तेओदोरिन ओबियांग, इक्वेटोरियल गिनी या आफ्रिकी देशाच्या राष्ट्राध्यक्षांचा मुलगा.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा देश अगदी चिमुकला. १९६८ साली स्पेनकडून स्वतंत्र झाला. १९७९ साली तेओदोरो ओबियांग यांनी सख्ख्या काकांना सत्तेवरून हटवलं, पुढे गोळ्या घातल्या आणि ते स्वतः खुर्चीवर बसले. ते अजून बसलेले आहेत. १९९०च्या दशकात समुद्रात तेल सापडलं आणि देशाचं दरडोई उत्पन्न कागदावर आफ्रिकेतल्या वरच्या देशांत जाऊन पोचलं. लोकांच्या नळाला पाणी मात्र त्या वेगाने आलं नाही. मुलगा तेव्हा वनमंत्री होता. सरकारी पगार वर्षाला १ लाख डॉलरच्या आत. तेवढ्या पगारात त्याने कॅलिफोर्नियातल्या मालिबूच्या किनाऱ्यावर ३ कोटी डॉलरचा बंगला, ३ कोटी ८५ लाख डॉलरचं गल्फस्ट्रीम विमान आणि मोटारींचा ताफा जमवला. इमारती लाकूड देशाबाहेर नेणाऱ्या कंपन्यांकडून तो स्वतःचा वेगळा ‘कर’ वसूल करत असे, असं अमेरिकी न्यायखात्याचं म्हणणं होतं.

इथवरची गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही. सत्ता, कंत्राट, टक्केवारी, पोरांचे शौक, सगळं ओळखीचं. ओळखीचं नाही ते यापुढचं. लुटलेले डॉलर तिथल्या राजधानी मलाबोहून मालिबूला पोचले कसे आणि वाटेत त्यांना कुणी हटकलं कसं नाही?

वाटेत पहिला थांबा होता वॉशिंग्टनमधल्या रिग्ज बँकेचा. ही काही गल्लीतली पतपेढी नव्हती. लिंकनपासून कित्येक अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची खाती तिथे होती आणि दूतावासांची तर ती घरची बँक. २००४ साली सिनेटच्या एका उपसमितीने तिची दप्तरं तपासली तेव्हा कळलं की बँकेचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इक्वेटोरियल गिनी आहे. सरकार, मंत्री आणि ओबियांग कुटुंब मिळून साठहून अधिक खाती, त्यांत एका वेळी ७० कोटी डॉलरपर्यंत रक्कम. सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर तर रोख भरलेले. बँकेचा अधिकारी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटांनी भरलेल्या बॅगा घेऊन येत असे. शंभराच्या नोटांत ३० लाख डॉलरचं वजन साधारण ३० किलो भरतं. एवढं ओझं खांद्यावरून काउंटरवर येतं तेव्हा ते कुठून आलं हा प्रश्न पडायला बँकिंगची पदवी लागत नाही. चिलीचे हुकूमशहा पिनोशे यांचे पैसेही याच बँकेत सापडले. बँकेला अडीच कोटी डॉलरचा दंड झाला, पुढच्या वर्षी तिने गुन्हा कबूल केला आणि दुसऱ्या एका बँकेने तिला गिळलं.

मुलाने मग बँकेऐवजी वकील गाठले. २००४ ते २००८ या काळात त्याने ११ कोटी डॉलरहून जास्त संशयास्पद रक्कम अमेरिकेत आणली, असा हिशेब सिनेटच्या २०१० सालच्या अहवालात आहे. युक्ती अगदी साधी होती. वकिलांनी कॅलिफोर्नियात कंपन्या काढल्या : ब्यूटिफुल व्हिजन, अनलिमिटेड होरायझन, स्वीट पिंक. नावं एखाद्या ब्यूटी पार्लरला शोभावीत अशी. खाती कंपन्यांच्या नावाने. काही पैसे थेट वकिलाच्या अशिलांसाठीच्या खात्यातून. बँकेच्या संगणकावर ओबियांग हे नाव उमटलंच नाही. एखाद्या बँकेला सुगावा लागला की ती खातं बंद करी आणि वकील शेजारच्या बँकेत नवं उघडी. आणि वकिलाने किंवा घरं विकणाऱ्या एजंटाने ‘पैसा कुठला?’ असं विचारावं अशी सक्ती अमेरिकी कायद्यात तेव्हा नव्हती.

‘काळा पैसा’ म्हटलं की मराठी मनात अजूनही आल्प्सच्या पायथ्याची तिजोरी उभी राहते. ‘स्विस बँक’ हा शब्द घरोघरी रुजला तो १९८७ साली, स्वीडिश रेडिओने बोफोर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचेची बातमी फोडल्यावर. त्या तिजोरीची दंतकथा अगदीच खोटी नव्हती. फिलिपिन्सचे फर्डिनांड मार्कोस आणि त्यांच्या पत्नी इमेल्डा यांनी १९६८ साली झुरिकमध्ये खाती उघडली ती ‘विल्यम साँडर्स’ आणि ‘जेन रायन’ या नावांनी. पण बोफोर्सचंच शेवटचं प्रकरण पाहा. दोषी कधीच न ठरलेला इटालियन मध्यस्थ ओताव्हियो क्वात्रोकी याच्या ज्या खात्यांवरून २००६ साली दिल्लीत गदारोळ उठला, ती लंडनमध्ये होती. २००३ पासून गोठवलेली ती खाती त्या वर्षी मोकळी झाली.

तिजोरीत पैसा नुसता पडून राहतो. लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये, पॅरिसमध्ये तो घर होतो, घराची किंमत वाढते, घर गहाण ठेवून कर्ज मिळतं, त्या घरात मुलं राहतात आणि उत्तम शाळेत जातात. म्हणून आजचा पळालेला पैसा भुयारात शोधायचा नसतो. तो भर रस्त्यावर, पांढऱ्या खांबांच्या दारामागे उभा असतो. दिसतो सगळ्यांना, कुणाचा ते दिसत नाही.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, ‘बेनामी’. सिलिंगचा कायदा आला तेव्हा महाराष्ट्रात जमिनी कुणाकुणाच्या नावावर चढल्या याच्या कथा प्रत्येक तालुक्यात ऐकायला मिळतात. सालगडी, स्वयंपाकीण, लांबची आत्या. पण आपल्या बेनामीत निदान एक हाडामांसाचा माणूस असायचा. सात-बाऱ्यावर नाव असलेला तो सालगडी उद्या उलटला तर काय, ही धाकधूक मूळ मालकाला असायची. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सने ही धाकधूक संपवली. कॅरिबियन समुद्रातली ही ब्रिटनच्या ताब्यातली बेटं. लोकसंख्या ५० हजारांच्याही आत आणि नोंदलेल्या कंपन्या काही लाख. १९८४ साली तिथे केलेल्या कायद्यामुळे परदेशी माणसाला घरबसल्या कंपनी काढता येऊ लागली, आणि खरा मालक कोण हे जगाला सांगायचं बंधन राहिलं नाही. कंपनी उलटत नाही, दारू पिऊन बडबडत नाही, तिला वारसदार नसतात.

एका कंपनीने भागत नाही. घर लंडनमधलं, त्याची मालक व्हर्जिन आयलंड्समधली कंपनी, तिचे शेअर पनामातल्या प्रतिष्ठानाकडे, प्रतिष्ठानावर सही करणारी बाई कुठल्याशा वकिलाच्या कचेरीतली कारकून, जी अशाच शेकडो कंपन्यांची नामधारी संचालक. प्रत्येक देशाच्या पोलिसांना पुढचं दार उघडायला त्या देशाला रीतसर पत्र लिहावं लागतं आणि उत्तर यायला दीड-दोन वर्षं लागू शकतात. दारामागे पुन्हा दार. पनामातल्या मोसॅक फोन्सेका या एका वकिली पेढीचे १ कोटी १५ लाख दस्तऐवज २०१६ साली फुटले, तेव्हा त्यांत अशी २ लाख १४ हजार दारं सापडली. त्यांत नाव निघाल्यामुळे आइसलँडच्या पंतप्रधानांना काही दिवसांत खुर्ची सोडावी लागली.

सगळी दारं उष्ण कटिबंधातल्या बेटांवरच असतात असं मात्र नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात माणसांपेक्षा कंपन्या जास्त आहेत. आणि ब्रिटनमध्ये, जिथे कंपन्यांची नोंद ‘कंपनीज हाउस’ नावाच्या सरकारी कार्यालयात होते, तिथे तर कित्येक वर्षं आंधळं दळत होतं. १२ पौंड भरले की अर्ध्या तासाच्या कामात कंपनी तयार होत असे. अर्जदार खरंच तो माणूस आहे का, याची तपासणी नसे. इटलीतल्या एका फसवणुकीच्या टोळीने काढलेल्या ब्रिटिश कंपनीत संचालकाच्या नावाच्या रकान्यात इटालियन भाषेत ‘कोंबडीचोर’ असं लिहिलेलं होतं आणि पत्ता होता ‘चाळीस चोरांचा रस्ता’, गाव अलिबाबाचं. नोंद विनातक्रार झाली. कार्यालयात इटालियन येणारं कुणी नसेल, ठीक. पण संगणकालाही प्रश्न पडला नाही. याच काळात एका व्यावसायिकाने ही व्यवस्था किती पोकळ आहे हे दाखवण्यासाठी तेव्हाचे व्यापारमंत्री व्हिन्स केबल यांच्याच नावाने कंपनी नोंदवली आणि स्वतःच ते सरकारला कळवलं. २०१८ साली खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावरच खटला भरून दंड करण्यात आला.

हसून झाल्यावर माल्दोव्हाकडे वळावं. रोमानिया आणि युक्रेन यांच्या बेचक्यातला हा युरोपातल्या गरिबांत मोडणारा देश. २०१४च्या नोव्हेंबरात तिथल्या तीन बँकांतून सुमारे १०० कोटी डॉलर नाहीसे झाले. देशाच्या वार्षिक उत्पन्नाचा हा आठवा हिस्सा. सरकारने बँका वाचवायला तिजोरीतून पैसे ओतले, चलन घसरलं, महागाई वाढली, लोक राजधानी किशिनाउच्या चौकात तंबू ठोकून बसले. बुडीत कर्जांचे हक्क शेवटी ज्या संस्थेकडे गेले तिचं नाव फॉर्च्युना युनायटेड आणि तिचा नोंदणीकृत पत्ता होता स्कॉटलंडमध्ये, एडिनबरोच्या पिल्टन या कष्टकरी वस्तीतली एक सदनिका. नकाशावर तो पत्ता शोधला तर दिसते ती नगरपालिकेने बांधलेल्या साध्या घरांची रांग.

स्कॉटलंडच का? कारण १९०७ सालचा एक ब्रिटिश भागीदारी कायदा. स्कॉटलंडमध्ये मर्यादित भागीदारी संस्थेला स्वतःचं कायदेशीर व्यक्तित्व मिळतं. ती खातं उघडू शकते, मालमत्ता घेऊ शकते. मूळ हेतू छोट्या धंदेवाल्यांच्या सोयीचा होता. शंभर वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की भागीदार म्हणून सेशेल्स बेटांवरच्या दोन कागदी कंपन्या दाखवल्या आणि ब्रिटनमध्ये धंदा केला नाही, तर कर नाही, ताळेबंद नाही आणि मालकाचं नावही नाही. वर पत्त्यात ‘युनायटेड किंग्डम’ असा भारदस्त शब्द. पूर्व युरोपातल्या बँकेत त्या शब्दाने दारं आपोआप उघडत. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात परदेशी ग्राहकांचे २०० अब्ज युरो वाहून गेले, त्यांतही अशाच ब्रिटिश भागीदारी संस्था ठायी ठायी होत्या. तिथल्या हॉवर्ड विल्किन्सन या अधिकाऱ्याने २०१३ सालीच वरिष्ठांना लिहून कळवलं होतं की लाखोंची उलाढाल करणारी एक संस्था ब्रिटनमध्ये मात्र ‘आमचा काही धंदाच नाही’ असे हिशेब भरते आहे. २०१७च्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या या संस्थांना खरा मालक जाहीर करण्याची सक्ती झाली आणि नव्या नोंदण्या एकदम आटल्या.

या सगळ्या प्रकारात एक विरोधाभास आहे आणि तो ध्यानात आला की बाकीचं कोडं सुटतं. ज्या माणसाने आपल्या देशातली न्यायालयं मोडून ठेवली, तपासयंत्रणा खिशात घातली, सात-बारा उलटापालटा करण्याची ताकद मिळवली, त्याचाच त्या देशावर विश्वास नसतो. कारण आपण काकांचं जे केलं ते उद्या पुतण्या आपलं करेल, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणून लूट होताच त्याला हवा असतो असा देश, जिथे न्यायाधीश विकत मिळत नाहीत, मालमत्तेचा दस्त कुणी रातोरात बदलू शकत नाही आणि चांगला वकील लावला तर सरकारसुद्धा हरतं. पश्चिमी देश या गिऱ्हाइकाला नुसती तिजोरी विकत नाहीत, कायद्याचं राज्यच भाड्याने देतात. भाडं घेणारे असतात वकील, सीए, घरांचे दलाल, कंपन्या नोंदवून देणारे एजंट. सुशिक्षित, करदाते, बहुतेक वेळा कायद्याच्या चौकटीत राहणारे लोक. त्यांतल्या एकालाही चोर म्हणणं कठीण आणि त्यांच्यावाचून चोरी पचवणं त्याहून कठीण. जागतिक बँकेच्या एका उपक्रमाने २००७ साली अंदाज बांधला होता की विकसनशील देशांतून भ्रष्टाचाराने दरवर्षी २० ते ४० अब्ज डॉलर चोरीला जातात. चोरीच्या मालाचे आकडे अंदाजाचेच असणार, पण पचवणाऱ्यांचा धंदा किती मोठा हे त्यावरून कळतं.

लंडनच्या न्यायालयात २०१८ साली एक बाई ‘श्रीमती अ’ या नावाने आली. काही महिन्यांनी पडदा उठला : झमीरा हाजीयेवा, अझरबैजानच्या सरकारी आंतरराष्ट्रीय बँकेच्या माजी अध्यक्षांची पत्नी. पती जहांगीर हाजीयेव्ह यांना अपहारासाठी २०१६ सालीच मायदेशात १५ वर्षांची शिक्षा झालेली. झमीराबाईंनी दहा वर्षांत हॅरॉड्स या एका दुकानात १ कोटी ६० लाख पौंड खर्च केले होते, म्हणजे सरासरी रोज चार हजार पौंडांहून जास्त. त्यासाठी वापरलेल्या क्रेडिट कार्डांपैकी ३५ पतीच्याच बँकेने दिलेली. दुकानाच्या जवळच नाइट्सब्रिजमध्ये १ कोटी १५ लाख पौंडांचं घर, अर्थातच व्हर्जिन आयलंड्सच्या कंपनीच्या नावे. शिवाय बर्कशरमध्ये गोल्फ क्लब. पतीचा पगार २००८ साली वर्षाला ७० हजार डॉलरच्या आसपास होता. ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना तिने गुंतवणूकदार म्हणून मिळवला होता. २००८ पासून २०२२ पर्यंत अशी योजनाच होती : ठरावीक रक्कम गुंतवा, व्हिसा घ्या.

तिच्यावर चाललेलं हत्यार नवं होतं. २०१७च्या कायद्याने ब्रिटिश तपासयंत्रणेला न्यायालयाकडून असा हुकूम मिळवता येऊ लागला की परदेशी सत्ताधारी किंवा त्याच्या आप्ताने उत्पन्नाशी न जुळणारी मालमत्ता घेतली असेल तर पैसा कुठून आणला ते सांगावं. न सांगितल्यास ती मालमत्ता बेकायदा उत्पन्नाची मानून जप्तीची वाट मोकळी. झमीराबाई अपिलात हरल्या. त्यांच्यावर ब्रिटनमध्ये कधी फौजदारी गुन्हा सिद्ध झाला नाही, पण २०२४ साली तडजोड होऊन घराच्या आणि गोल्फ क्लबच्या किमतीचा मोठा वाटा सरकारजमा झाला.

याच हत्याराची धार कझाकस्तानच्या प्रकरणात मात्र बोथट निघाली. माजी राष्ट्राध्यक्ष नजरबायेव्ह यांची कन्या आणि नातू यांच्याशी संबंधित लंडनमधल्या ८ कोटी पौंडांच्या तीन मालमत्तांवर असेच हुकूम निघाले होते. कुटुंबाने नामांकित वकील उभे केले, कागदांचे गठ्ठे सादर केले, आणि २०२० साली न्यायालयाने हुकूम रद्द केले. तपासयंत्रणेवर बिल आलं सुमारे १५ लाख पौंडांचं. त्यानंतर बराच काळ कुणी या हत्याराला हात लावला नाही. अशा प्रकरणी यंत्रणेवर पडणाऱ्या खर्चाला मर्यादा घालणारी दुरुस्ती झाली ती २०२२ साली, रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर. परदेशी कंपन्यांनी घेतलेल्या ब्रिटिश घरांच्या खऱ्या मालकांची नोंदवहीही त्याच गडबडीत आली. तिची मागणी करणारे लोक त्याआधी कित्येक वर्षं घसा कोरडा करत होते. बाहेरच्या चोरांचा पैसा आत आला याचं दुःख कमी. तो शत्रूचा निघाला तेव्हा जाग आली.

आपल्या शेजारच्यांनी तर हे नाट्य जवळून पाहिलं. पनामा कागदपत्रांतून पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या मुलांशी निगडित लंडनच्या पार्क लेनवरचे फ्लॅट पुढे आले. फ्लॅटच्या मालक कंपन्या कुणाच्या हे दाखवण्यासाठी शरीफ यांची कन्या मरियम नवाझ यांच्या बाजूने २००६च्या फेब्रुवारीचा एक दस्त सादर झाला. चौकशी पथकाने तो लंडनमधल्या तज्ज्ञाकडे पाठवला. तज्ज्ञाने सांगितलं, दस्त ‘कॅलिब्री’ अक्षरांत छापलेला आहे आणि हा टंक बाजारात आला २००७च्या जानेवारीअखेर. कोट्यवधींच्या मालमत्तेची गोष्ट एका अक्षरवळणावर अडकली. २०१७च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने शरीफ यांना अपात्र ठरवलं, ते मात्र दुबईतल्या मुलाच्या कंपनीकडून मिळू शकणारा पगार जाहीर न केल्याच्या मुद्द्यावर. फ्लॅटच्या खटल्यात २०१८ साली बाप-लेकीला शिक्षा झाली आणि पुढे राजकीय वारं फिरल्यावर दोघंही अपिलात निर्दोष सुटले. बांगलादेशाचे माजी भूमंत्री सैफुज्जमान चौधरी यांच्या ब्रिटनमधल्या ३००हून अधिक मालमत्तांचा शोध अल जझीराने २०२४ साली लावला. २०२५च्या जूनमध्ये ब्रिटिश यंत्रणेने त्या गोठवल्या. पैसा परदेशातल्या आपल्या कायदेशीर धंद्यांचा आहे, असं चौधरी सांगतात. तीनशे घरं आणि तीही भूमंत्र्याची. बांगलादेशात जमिनीचा गुंठा मिळवायला लोकांच्या पिढ्या जातात.

पॅरिसमध्ये ओबियांगपुत्राची गाठ पडली ती सरकारशी नाही, दोन स्वयंसेवी संस्थांशी. शेर्पा आणि ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलची फ्रेंच शाखा यांनी आफ्रिकी सत्ताधाऱ्यांच्या फ्रान्समधल्या मालमत्तेविरुद्ध तक्रारी केल्या. सरकारी वकिलांना त्यात रस नव्हता. फ्रान्सचे त्या राजवटींशी तेलाचे आणि मैत्रीचे जुने धागे. पण नोव्हेंबर २०१०मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने निकाल दिला की अशी संस्था स्वतः फिर्यादी होऊ शकते. या एका निकालाने दार उघडलं. पुढच्या सप्टेंबरात फॉश मार्गावरच्या ४२ क्रमांकाच्या त्याच्या वाड्याच्या अंगणातून बुगाटी, फेरारी अशा गाड्या टो करून नेल्या गेल्या. वाडा १०१ खोल्यांचा. झडती कित्येक दिवस चालली, सामान ट्रकांनी गेलं. इक्वेटोरियल गिनीने घाईने सांगितलं, हा तर आमचा दूतावास. हा वाद थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२०मध्ये त्या न्यायालयाने निकाल दिला की ही वास्तू दूतावासाची नव्हती. २०२१च्या जुलैत फ्रान्समधली शिक्षा कायम झाली : तीन वर्षांची स्थगित कैद, ३ कोटी युरो दंड आणि वाड्याची जप्ती. जिनिव्हातल्या त्याच्या २५ गाड्यांचा लिलाव त्याआधीच, २०१९ साली होऊन गेला होता. एकटी लॅम्बोर्गिनी व्हेनेनो ८० लाख स्विस फ्रँकच्या वर गेली.

जप्ती झाली की पैसा परत करायचा, इतकं ते सोपं असतं तर बरं होतं. कुणाला परत करायचा? ज्याने चोरला त्याच्याच वडिलांच्या सरकारला? नायजेरियाचे लष्करशहा सानी अबाचा १९९८ साली वारले. त्यांच्या लुटीतले ५० कोटी डॉलर स्वित्झर्लंडने २००६ पर्यंत परत केले, पण ते नेमके कशावर खर्च झाले यावरून वाद माजला. म्हणून २०१७ साली आणखी ३२ कोटी परत देताना अट घातली की ते जागतिक बँकेच्या देखरेखीखाली गरीब कुटुंबांना थेट वाटावेत. जर्सी बेटावरचे ३१ कोटी परत जायला २०२० साल उजाडलं. ते रस्ते आणि पुलासाठी बांधून दिले. चोर मरून तोवर बावीस वर्षं झाली होती. काँगोचे हुकूमशहा मोबुतू यांच्या बाबतीत तर खटला मुदतीबाहेर गेला आणि २००९ साली स्वित्झर्लंडला ७७ लाख फ्रँक त्यांच्या वारसांच्याच हाती ठेवावे लागले. त्या नामुष्कीनंतर स्विस संसदेने कायदा बदलला.

आणि सुधारणेचा काटा एकाच दिशेने फिरतो असंही नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२२मध्ये ठरवलं की कंपन्यांच्या खऱ्या मालकांची यादी सर्वांना खुली ठेवणं खाजगीपणाच्या हक्कावर घाला आहे. पत्रकारांसमोरच्या कित्येक याद्या त्यानंतर झाकल्या गेल्या. अमेरिकेने २०२१ साली मोठा गाजावाजा करून कागदी कंपन्यांना खरा मालक सांगण्याची सक्ती करणारा कायदा केला, तो २०२४ साली अमलात आला, आणि २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे कायदा ज्यांच्यासाठी होता तेच बाहेर. ब्रिटन उलट दिशेला आहे : कंपनीज हाउसने आता संचालकांची ओळख तपासायला सुरुवात केली आहे. कोंबडीचोराला यापुढे ओळखपत्र दाखवावं लागेल.

परदेशी सत्ताधाऱ्यांची लूट हुडकण्यासाठी अमेरिकी न्यायखात्याने २०१० साली खास पथक उभारलं होतं. हातमोज्यावरचा खटला त्याच पथकाचा. फेब्रुवारी २०२५मध्ये ते बरखास्त झालं. खटल्याचा शेवट मात्र त्याच्या खूप आधी, २०१४ साली तडजोडीने झाला होता. तेओदोरिनने मालिबूचा बंगला, एक फेरारी आणि जॅक्सनचे पूर्णाकृती पुतळे विकायला मान्यता दिली. आलेली रक्कम लोकांपर्यंत पोचवायची, पण त्यांच्या सरकारच्या हातून नाही, यावर सात वर्षं खल झाला. २०२१च्या सप्टेंबरात २ कोटी ६६ लाख डॉलर निघाले : त्यांतले १ कोटी ९२ लाख ५० हजार कोविडच्या लशींसाठी संयुक्त राष्ट्रांमार्फत, ६३ लाख ५० हजार औषधांसाठी.

हातमोजा त्या यादीत नव्हता. तो अमेरिकेबाहेर होता आणि तडजोडीनंतर तेओदोरिनकडेच राहिला. त्याच २०२१च्या जुलैत ब्रिटनने त्याच्यावर निर्बंध लादले, तेव्हा कारणांच्या यादीत विमान आणि वाड्याबरोबर या हातमोज्याचाही उल्लेख होता. तोवर तेओदोरिन वनमंत्र्याचा उपराष्ट्राध्यक्ष झाला होता. इक्वेटोरियल गिनीने उत्तरादाखल लंडनमधला आपला दूतावास बंद करून टाकला.